गुन्ह्याची डावी बाजू

विधानसभेत सत्ताधारी अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात, विरोधक डाव्या. गुरुवारी त्या डाव्या हाताच्या बाकांवरून विशेष जनसुरक्षा विधेयकाला सरळ ‘नाही’ म्हणणारा एकच आमदार निघाला, डहाणूचे विनोद निकोले. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे सभागृहातले बळही तेवढेच. बाकीच्यांपैकी कोणी शंका विचारल्या, कोणी खुलासे मागितले, आणि आवाजी मतदानात ‘होय’चे बहुमत होऊन गेले. आता ‘कडवी डावी विचारसरणी’ हे शब्द कायद्याच्या उद्दिष्टातच जाऊन बसले आहेत. कालपर्यंत जी प्रचारसभेतली शिवी होती, तिला कायद्याच्या पुस्तकात जागा मिळाली.

आमचा आक्षेप इथेच आहे. कायद्याने कृत्य पाहावे. कृत्य करणारा कोणत्या अंगाचा, हे पाहू नये. १ मे २०१९ रोजी गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ सुरुंग उडवून १५ पोलिसांचा आणि त्यांच्या वाहनचालकाचा जीव घेणारे खुनी आहेत. त्यांना खुनी ठरवायला डावे-उजवे तपासावे लागत नाही. त्यांच्यासाठी १९६७ पासूनचा यूएपीए आहे, १९९९ चा मकोका आहे. माओवादी पक्षावर केंद्राची बंदी २००९ पासून आहे. २०२५ च्या पहिल्याच दिवशी माओवादी नेत्या तारक्काने मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवले तेव्हा नक्षलवाद संपत आल्याचे आपल्याला सांगितले गेले. तो संपत आला असेल, तर नवा कायदा कोणासाठी? उत्तर तयार आहे: जंगलातला संपला, शहरातला उरला. छत्तीसगड, तेलंगण, आंध्र आणि ओडिशात असे कायदे आहेत, असेही सांगितले गेले. शेजाऱ्याने विहीर बुजवली म्हणून आपणही बुजवायची, त्यातलाच हा प्रकार.

दुसऱ्या बाजूचे काय? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्याच्या ओंकारेश्वर पुलावर डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या गेल्या. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉ. गोविंद पानसरेंना. दाभोलकर खटल्यात दोन मारेकऱ्यांना जन्मठेप झाली, ती ११ वर्षे उलटायला आल्यावर. सूत्रधार कोण, हे मात्र निकालानंतरही अंधारातच राहिले. २०१८ साली नालासोपाऱ्यात दहशतवादविरोधी पथकाने गावठी बॉम्बचा साठा पकडला. तेव्हा ‘कडव्या उजव्या विचारसरणी’साठी वेगळा कायदा हवा, असे कोणा मंत्र्याला वाटले नाही. आम्हीही तो मागत नाही. गोळी ही गोळी असते, एवढेच आमचे म्हणणे आहे आणि ते पुन्हा पुन्हा सांगावे लागते, हा वैताग आहे.

बरे, बंदूक हाती असण्याची अटही या कायद्यात नाही. प्रस्थापित कायदा व त्याच्या संस्था यांची अवज्ञा करण्यास उत्तेजन देणे किंवा तसा प्रचार करणे, हेही ‘बेकायदेशीर कृत्य’ ठरू शकते. मग १९३० साली शिरोड्याला मीठ उचलणारे आणि बिळाशीला जंगल सत्याग्रहात उतरणारे कोण होते? त्यांची तर प्रतिज्ञाच अवज्ञेची होती. संघटना बेकायदा ठरवणार सरकार, सल्लागार मंडळ नेमणार सरकार, शिक्षा दोन ते सात वर्षे. साडेबारा हजारांवर सूचना-हरकती आल्या. त्यातून बदल झाले ते उद्दिष्टाचे शब्द, सल्लागार मंडळाची रचना आणि तपास अधिकाऱ्याचा हुद्दा एवढ्यापुरते. फौजदाराऐवजी आता उपअधीक्षक तपास करील. समाधान माना!

गैरवापर होणार नाही, ही ग्वाही आम्ही यापूर्वीही ऐकली आहे. चाकाच्या खुर्चीला खिळलेले प्रा. साईबाबा माओवाद्यांशी संबंधांच्या आरोपावरून २०१४ मध्ये अटकेत गेले, मार्च २०२४ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना निर्दोष सोडले आणि ऑक्टोबरात ते वारले. ती वर्षे कोणत्या ग्वाहीच्या खात्यात मांडायची? शिवाय कडवे कोण हे कसे ठरते, त्याचा नमुना याच अधिवेशनात दिसला. विधान परिषदेत सत्ताधारी आमदार मनीषा कायंदे यांनी वारीत शहरी नक्षल शिरल्याचे सांगितले. रोख होता पर्यावरणाच्या आणि संविधानाच्या दिंड्यांवर. पावसात भिजत, चिखल तुडवत संविधानाची उद्देशिका वाचणारी माणसे संशयित! ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्यांमागे कोण काय गुणगुणत चालतो, हेही आता उपअधीक्षकांनी तपासावे काय?

महाराष्ट्राला डाव्यांचे वावडे कधीपासून झाले, हाही प्रश्नच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावर कॉ. डांगे, एस. एम. जोशी, आचार्य अत्रे आणि प्रबोधनकार एकत्र होते. एकमेकांना ओरबाडायला त्यांच्या लेखण्या कमी धारदार नव्हत्या, पण समोरच्याच्या विचाराला गुन्हा म्हणायची बुद्धी कोणाला झाली नाही. लाल बावट्याचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून ११ वेळा निवडून आले, ती सगळीच मते काही कम्युनिस्टांची नव्हती. आणि निकोलेंचा डहाणू-तलासरी पट्टा म्हणजे गोदावरी परुळेकरांचा. सावकार-जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध वारली तिथे १९४५ साली उभे राहिले. त्या काळच्या सरकारलाही ते कडवेच वाटले होते.

राहता राहिले विरोधक. विधेयकाच्या संयुक्त चिकित्सा समितीत जयंत पाटील होते, नाना पटोले होते, जितेंद्र आव्हाड होते. भिन्नमतपत्रिका एकाचीही नाही, हे मुख्यमंत्र्यांनीच सभागृहाला सांगितले आणि त्यांना ते सांगताना बरे वाटले असणारच. आपल्याला नक्षलांचे कैवारी म्हणतील, या एका धास्तीने काँग्रेसपासून ठाकरे गटापर्यंत सगळ्यांचा घसा बसला. शुक्रवारी विधान परिषदेत त्यांना कंठ फुटला. घोषणा झाल्या, मग सभात्याग झाला. विधेयक मताला आले तेव्हा तिथली डावी बाजू रिकामी होती.