पक्का रंग कोणासाठी?

कॉलेजच्या पहिल्या दिवसासाठी आईने बाजारातून लाल सुती ओढणी आणली. "पक्का रंग आहे, ताई," दुकानदार म्हणाला. आदल्या दिवशी ती धुतली आणि अण्णांचा ठेवणीतला पांढरा सदरा गुलाबी झाला. "स्वस्तातलं असंच असायचं," आई म्हणाली. अण्णा तोच सदरा घालून मला सोडायला आले.

आईचे ते वाक्य मला पटले नाही. ग्रंथालयात शोधले, तेव्हा कळले की रंग जाणे हे गरिबाचे नशीब नव्हे. 'डायरेक्ट' रंग सुती धाग्याला नुसते धरून राहतात, म्हणून धुण्यात सुटतात. १९५६ साली बाजारात आलेले 'रिअ‍ॅक्टिव्ह' रंग धाग्याशी रासायनिक बंधाने जोडले जातात. मात्र न जोडलेला उरलासुरला रंग कारखान्यातच साबणाच्या उकळत्या पाण्यात धुऊन काढावा लागतो. त्याला पाणी, इंधन आणि वेळ लागतो. तिथे काटकसर केली, की ते राहिलेले धुणे आमच्या आईच्या बादलीत येते.

धुण्यातला पक्केपणा १ ते ५ आणि उन्हातला १ ते ८ अशा श्रेणींत मोजतात. म्हणजे मोजमाप आहे, पण ते गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत नाही. मित्रहो, आपले गुण गुणपत्रिकेवर छापतात. मग कापडाचे गुण किमतीशेजारी का छापू नयेत? स्वस्त कापड आम्ही घेऊच. पण ते कच्चे आहे की पक्के, हे पैसे मोजण्यापूर्वी आईला कळले पाहिजे, सदरा गुलाबी झाल्यावर नव्हे.