औंढ्याची वेधशाळा आणि आमची मुले

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे नाव आजवर ज्योतिर्लिंगामुळे घरोघरी ठाऊक होते. आता त्याच परिसरात 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हावयाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तीस सुमारे २६०० कोटी रुपयांची मान्यता दिली. याचा आपल्या घराशी संबंध काय, असे कोणी वाचक विचारतील. आमच्या मते तो फार निकटचा आहे.

या वेधशाळेच्या परस्परांशी काटकोन करणाऱ्या दोन भुजा प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या असावयाच्या आहेत. लहर येताच त्यांच्या लांबीत पडणारा फरक अणुगर्भाहूनही सूक्ष्म असतो. अवांतर कंपनांच्या कोलाहलातून तो निवडून काढणे हे गणिताचे काम होय. अपेक्षित लहरींचे साचे आधी मांडावयाचे आणि आलेली नोंद त्यांशी ताडून पाहावयाची, ही ती रीत. पुण्याच्या 'आयुका'तील डॉ. संजीव धुरंधर यांनी डॉ. सत्यप्रकाश यांच्यासह १९९१ साली याच विषयावर महत्त्वाचा निबंध लिहिला होता.

आज हे गणित 'पायसीबीसी', 'जीडब्ल्यूपाय' यांसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उतरले आहे. ते कोणीही विनामूल्य घ्यावे, ओळीन् ओळ वाचावी आणि चूक आढळल्यास दुरुस्ती सुचवावी. लायगोच्या जाहीर नोंदींवर काम कसे करावे, हे शिकविणारे वर्ग २०१८ पासून भरतात. त्यांचे पाठ व उदाहरणे घरबसल्या पाहता येतात.

मग अडते कोठे? आमच्या समजुतीप्रमाणे, अभ्यासक्रम संपतो तेथेच. विद्यार्थी पाठ ऐकतो, प्रमाणपत्र मिळवितो आणि ते चौकटीत बसवून मोकळा होतो. ऐकणारा व करणारा यांच्यामधील ओढा त्याच्याकडून ओलांडला जात नाही. यावर मुंबईच्या आय.आय.टी.तील 'फॉसी' प्रकल्पाने चांगला मार्ग दाखविला. 'सायलॅब' या मूळ फ्रेंच मुक्त प्रणालीत पाठ्यपुस्तकातील सोडविलेली उदाहरणे विद्यार्थ्यांकडून लिहवून घेतली, तपासली आणि सर्वांसाठी खुली केली. त्याबद्दल मानधनही दिले. शिकलेले तत्काळ दुसऱ्याच्या उपयोगी पडले की विद्या अंगी मुरते.

तेव्हा प्रत्येक अभ्यासक्रमाचा शेवटचा धडा एखाद्या लहानशा योगदानाचा असावा. माहितीपत्रकातील अस्पष्ट वाक्य सुधारणे, आढळलेला दोष पुन्हा घडवून त्याची नीट नोंद करणे, एखादी चाचणी लिहिणे, एवढ्यानेही आरंभ होतो. इंग्रजीची धास्ती वाटणाऱ्यांसाठी 'स्पोकन ट्युटोरियल'चे अनेक पाठ मराठी निवेदनासह आहेत.

घरातील वडीलधाऱ्यांस आमची एक विनंती आहे. मुलगा अथवा सून संगणकासमोर बसलेली दिसताच वेळ फुकट चालला, असा ग्रह करून घेऊ नये. दिवसातील एक तास त्यांस निर्वेध मिळू द्यावा, आणि गुण किती पडले याऐवजी 'आज काय दुरुस्त केलेस?' असे कौतुकाने विचारावे. वेधशाळेसाठी भूमी हिंगोलीची आहे. तेथील गणितातही हिंगोलीच्या मुलांचा हात असावा, की त्यांनी केवळ कुंपणाबाहेरून इमारत पाहावी, याचा निर्णय पुष्कळसा आपल्याच माजघरांत व्हावयाचा आहे.