न सांगितलेले दुखणे

टेंभुर्णीहून एस.टी.ने जालन्याला निघालेली पन्नाशीची बाई सकाळपासून पाण्याचा घोट घेत नाही. विचारले तर म्हणेल, तहानच नाही. खरे कारण असे की, खोकला आला, हसू आले किंवा गाडी खड्ड्यात आदळली, की लघवी सुटते. जुन्या पातळाची घडी हाच तिचा उपाय. पाणी तोडल्याने लघवी दाट होते, मूत्राशय अधिकच चिडते आणि जंतुसंसर्गाचे भय वाढते, हे तिला कुणी सांगितलेले नसते.

डॉ. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना काही ना काही स्त्रीरोग आढळले. त्याआधी तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. बाळंतपणे, डोक्यावरची ओझी, जुनाट खोकला, पाळी जाणे यांनी कटीतळाचे स्नायू सैल पडतात. आपण त्याला ‘वय झाले’ म्हणतो आणि मोकळे होतो!

आता बाजारात अंगावर वागवायची यंत्रे आली आहेत. जपानच्या ‘डीफ्री’ या यंत्राची चकती ओटीपोटावर चिकटवायची. ध्वनिलहरींनी ती मूत्राशय किती भरले ते ओळखते आणि मोबाइलवर सूचना देते. कल्पना हुशारीची आहे. पण खोकल्यासरशी होणारी गळती ती थांबवत नाही आणि जवळ शौचालय नसेल तर सूचनेचा उपयोग काय?

त्यापेक्षा जुने उपाय आपल्या आवाक्यातले. अमेरिकेतील डॉ. अर्नोल्ड केगल यांनी १९४८ साली हे स्नायू आवळण्या-सोडण्याचा व्यायाम मांडला. नेमाने केला तर काही महिन्यांत पुष्कळ जणींना गुण येतो, आणि खर्च शून्य. अंग बाहेर येत असेल तर सिलिकॉनची कडी मिळते. ती धुऊन पुन्हा वापरता येते. मात्र ती डॉक्टरांकडून मापाने बसवून घ्यावी लागते.

बँकेतल्या सवयीने हिशेबाकडेही लक्ष जाते. सॅनिटरी नॅपकिनवरचा जीएसटी जुलै २०१८मध्ये शून्य झाला. क्लिनिकल डायपरवरचा सप्टेंबर २०२५मध्ये १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. पाळीइतकीच ही गरज नित्याची असताना हा फरक कशासाठी?

आशाताई घरी येते ती सुनेच्या बाळंतपणाची चौकशी करायला. त्याच भेटीत तिने सासूलाही विचारावे, खोकताना लघवी सुटते का?