वेशीबाहेरचा एक दिवस

पावसाळा सरला, दिवाळी उरकली, आणि सोलापूरकरांस वर्षभरात जी काही थोडी सुखाची हवा लाभते ती आता सुरू झाली. वैशाखात ज्या शहरात पारा बेचाळीस अंशांपलीकडे जातो, तेथे कार्तिक ते माघ हे चार महिनेच काय ते मोकळेपणाने बाहेर पडण्याचे. परंतु या चार महिन्यांतील रविवार आमचा सुशिक्षित समाज कसा घालवितो हे पाहिले म्हणजे खेद वाटतो. ज्यांच्याजवळ मोटार आहे ते महाबळेश्वराचे किंवा कोकणाचे बेत आखतात. समुद्र तर रस्त्याने तीनशे किलोमीटरांहून दूर. तेव्हा तो बेत वर्षातून एकदा साधतो आणि बाकीचे रविवार बाजारात नाही तर घरात जातात. ज्यांच्याजवळ मोटार नाही ते, 'सोलापुरात पाहण्यासारखे आहे तरी काय?' असे म्हणून घराबाहेरच पडत नाहीत. या दोघांनाही आमचे सांगणे एकच आहे. एस.टी.च्या गाडीने तास-दीड तासात जेथे पोहोचता येते, आणि तेथून दोन-चार कोस चालले असता जो दिसतो, तो आपला मुलूख आपण अद्याप पाहिलेलाच नाही.

उदाहरणे दूर शोधावयास नकोत. विजापूर रस्त्याने दक्षिण सोलापूर तालुक्यात गेले की हत्तरसंग-कुडल येथे सीना भीमेला मिळते. त्या संगमावरील देवळांत शके ९४०चा, म्हणजे इसवी सन १०१८चा मराठी शिलालेख आहे, आणि आपल्या भाषेच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखांत त्याची गणना होते. ज्या एकाच शिवलिंगावर ३५९ मुखे कोरलेली आहेत ते लिंगही तेथेच आहे. मंगळवेढ्याच्या गाडीने निघून सुमारे ४० किलोमीटरांवर माचणूरला उतरावे; भीमेच्या काठी सिद्धेश्वराचे देऊळ आणि जुना किल्ला आहे. जवळच्या ब्रह्मपुरीस १६९५ ते १६९९ अशी चार वर्षे औरंगजेबाची छावणी होती, आणि साऱ्या हिंदुस्थानच्या बादशाहीची सूत्रे या नदीकाठावरून हालत होती. आज तेथे कडेने ज्वारी डोलते आणि घाटावर गावच्या बायका धुणे धुतात.

पूर्वेस हैदराबादच्या रस्त्यावर नळदुर्ग आहे. बोरी नदीवर धरण बांधून त्याच्या भिंतीच्या पोटात दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळी, १६१३च्या सुमारास, पाणीमहाल उभारला गेला. धरणावरून 'नर' आणि 'मादी' असे दोन प्रवाह कोसळत असता आतला महाल कोरडा राहतो. पुष्कळ वर्षांपूर्वी, आम्ही शाळेत शिकवीत असता, एका वर्गास एस.टी.ने तेथे घेऊन गेलो होतो. आदिलशाहीवरचा धडा वर्गात तीन वेळा शिकवूनही जी मुले जांभया देत, ती त्या महालाच्या खिडकीशी उभी राहून 'पाणी आत का येत नाही?' म्हणून आम्हांस प्रश्न विचारू लागली, आणि खरे सांगावयाचे तर त्यांतील निम्म्या प्रश्नांची उत्तरे आमच्यापाशी नव्हती. परतीच्या गाडीत एरवी शेवटच्या बाकावर बसणारा मुलगा वहीत सांडव्याचे चित्र काढीत बसला होता. शिक्षणशास्त्रावरील अनेक व्याख्यानांनी आम्हांस जे शिकविले नाही ते त्या चित्राने शिकविले.

परंतु आमच्या मते सर्वांत मोलाची सफर सर्वांत जवळची आहे, आणि तीच सर्वांत उपेक्षित. बार्शी रस्त्याने सुमारे २० किलोमीटरांवर नान्नज आहे. तेथे देऊळ पाहावयाचे नाही की किल्ला चढावयाचा नाही. आहे ते केवळ माळरान. कुसळी आणि पवन्या गवताचा पिवळा पसारा, त्यावर चरणारी काळविटे, जमिनीलगत धावणारे धाविक पक्षी, हिवाळ्यात उत्तरेकडून येऊन गवतावरून तरंगत जाणारे भोवत्ये, आणि नशीब बलवत्तर असेल तर एखादा लांडगा. माळढोक पक्ष्यासाठी येथे १९७९ साली अभयारण्य घोषित झाले. मूळचे साडेआठ हजार चौरस किलोमीटरांच्या घरातील क्षेत्र पुढे घटवून सुमारे बाराशेंवर आणावे लागले. कारण कागदावरच्या त्या सीमेत शेते, गावे आणि वस्त्याही सापडल्या होत्या, आणि लोकांचे व्यवहार अडून राहिले होते. शेतकऱ्यांची ती तक्रार रास्तच होती. पण या सर्व कालखंडात पक्षी मात्र कमी कमी होत गेला. आज साऱ्या देशात माळढोक दीडशेच्या आसपास उरले असून त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. ज्या पक्ष्याच्या नावाने नान्नज ओळखले जाते, तो तेथे दिसण्याची आशा आता जवळजवळ सुटली आहे.

या ऱ्हासाची कारणे अनेक आहेत: शिकार, माळांची नांगरट, विजेच्या तारा, भटकी कुत्री. तथापि एक कारण आपल्या माथीही येते. सरकारी दप्तरात माळाची नोंद 'पडीक' अशी होते, आणि आपणही, ज्यांनी चार पुस्तके वाचली आहेत ते, तो शब्द मुकाट्याने मान्य करतो. झाड तोडले तर शहरात ओरड होते; माळ मोडला तर कोणी हूं की चूं करीत नाही, कारण त्यावर काय होते हे कोणी पाहिलेलेच नसते. 'दृष्टीआड सृष्टी' असे आपण सहज म्हणतो. येथे ती म्हण अक्षरशः खरी ठरली आहे. जी भूमी आपण पायांनी ओळखत नाही ती राखण्याची बुद्धी आपणांस होत नाही. शिलालेखावर खिळ्याने नाव कोरणारा तरुण आणि त्या शिलालेखाचे नावही ठाऊक नसलेला पदवीधर, यांत आम्हांस फारसे अंतर दिसत नाही.

हेच एस.टी.लाही लागू आहे. १ जून १९४८ रोजी पुणे ते नगर अशी पहिली गाडी सुटली, तेव्हापासून या महाराष्ट्राचे आडगाव जर कोणी शहराशी जोडले असेल तर ते या लाल गाडीने. खेड्यातील मुलगी आज महाविद्यालयात येते ती तिच्याच भरवशावर. परंतु मध्यमवर्गाने स्वतःची वाहने घेतली आणि गाडीकडे पाठ फिरविली. ज्यांस तक्रार लिहिता येते, ज्यांचे म्हणणे ऐकून घेतले जाते, तेच गाडीत बसेनासे झाले. मग फुटलेली काच आणि न आलेली फेरी यांबद्दल बोलावे कोणी? रविवारी सहकुटुंब एस.टी.ने निघणे ही काटकसर तर आहेच. मार्च २०२३ पासून महिलांस निम्मे भाडे आहे आणि २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांस प्रवास मोफत आहे, तेव्हा आजीसह घराबाहेर पडणे आता खिशाला जड नाही. पण त्याहीपेक्षा, ज्या गाडीवर आपल्या शेजारच्या खेड्यांचे जीवन चालते तिचे आपणही उतारू होणे, हे नागरिकाचे एक कर्तव्य आहे असे आम्ही समजतो.

एस.टी.च्या चालकांसही आमची काही मागणी आहे, आणि ती फार खर्चाची नाही. हमरस्त्यावरच्या गाड्यांची चिंता नसते. आडवाटेच्या गावी गेलेल्या माणसाला भीती असते ती परतीची. कार्तिक ते माघ या काळापुरती दर रविवारी सकाळी जाणारी आणि सूर्यास्तापूर्वी परत फिरणारी एक-एक गाडी कुडल आणि नान्नज या दोन ठिकाणांसाठी नेमून द्यावी, आणि तिची वेळ बसस्थानकावर व त्या गावच्या थांब्यावर ठळक अक्षरांत लिहावी. ग्रामपंचायतींनी थांब्यापासून देवळापर्यंतची पायवाट दाखविणारा एखादा फलक लावावा. शाळांनी वर्षातून एक सहल दूरच्या करमणुकीच्या बागेत न नेता या जिल्ह्यातच न्यावी.

जाणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीवाचून पाऊल टाकू नये. उभ्या पिकातून वाट काढू नये. हुरड्याचे दिवस आले म्हणून कोणाच्या कणसाला न विचारता हात लावू नये. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यांसारखी शिदोरी आपल्या घरी असता कागदी-प्लास्टिकच्या पुड्यांचा ढीग माळावर सोडून येण्याचे काहीच कारण नाही.

आम्ही सांगतो ते या शहरास नवे नाही. येथे दर संक्रांतीस नंदीध्वज खांद्यावर घेऊन माणसे सिद्धरामेश्वरांच्या अडुसष्ट लिंगांची वाट पायी चालतात, आणि शहराचा भूगोल एका पिढीकडून दुसऱ्या पिढीच्या पायांत उतरतो. म्हणूनच ती लिंगे अद्याप कोणी विसरलेले नाही. तीच चाल वेशीपलीकडे दहा-वीस कोस वाढवावी, एवढेच आमचे म्हणणे आहे. यात्रेला अजून अवकाश आहे. त्यापूर्वीचे जे रविवार हाती आहेत त्यांतील एक तरी आमच्या वाचकांनी नान्नजच्या माळावर घालवावा. माळढोक कदाचित दिसणार नाही. परंतु तो ज्या गवतात राहत होता ते गवत तरी आपल्या मुलांनी पाहिलेले असेल, आणि पुढे कोणी त्यास 'पडीक' म्हणाले तर त्यास उत्तर देणारी माणसे या शहरात असतील.