बेंगळूरुची नोकरी आणि पगाराचा आकडा

पुण्याहून बेंगळूरुस नोकरीनिमित्त जाणाऱ्या वाचकांनी वार्षिक वेतनाच्या आकड्याला भुलू नये. त्यात भविष्यनिर्वाह निधीतील कंपनीचा हिस्साही बहुधा धरलेला असतो. दरमहा हाती काय पडेल, ते आधी विचारावे. तेथे कित्येक घरमालक सहा ते दहा महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत मागतात. भाडे ३०,००० रुपये असले, तर निदान १,८०,००० रुपये प्रथमच मोजावे लागतात! एवढी रक्कम कंपनीकडे आगाऊ मागण्यात संकोच कसला? सामानाच्या वाहतुकीचा खर्चही नेमणूकपत्रात लिहवून घ्यावा. वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत करावा लागेल काय, हेही पाहावे. आणि पत्नीची पुण्यातील नोकरी सुटणार असेल, तर तिचे वेतन वजा करूनच पगारवाढ मोजावी.