पट्टी न काढता मारलेला रंग

पोस्ट जरा लांबली आहे. पण जुनी जीप असणाऱ्यांनी वाचा आणि अशा जीपमध्ये रोज बसणाऱ्यांनी तर जरूर वाचा.

माझी बोलेरो 2007 ची. डिझेल, पांढरी. दोन वर्षांपूर्वी तिला पूर्ण रंग मारून घेतला. गॅरेजवाला म्हणला, "भाऊ, साईडच्या पट्ट्या काढायच्या नादी लागू नका. जुनं प्लास्टिक आहे, तुटलं की माझ्या नावानं बोंब. कागद-टेप मारून रंग देतो, परवा गाडी घेऊन जा." मलाही घाई होती, लग्नसराई तोंडावर. परवा गाडी आली. अशी चकाचक की शेजारी विचारायला लागले, नवी घेतली का काय.

मागच्या महिन्यात आईला दवाखान्यात न्यायचं होतं. तिनं पायरीवर पाय ठेवला आणि पायरी एका बाजूनं खाली आली. नट-बोल्ट शाबूत होते, ते ज्या पत्र्यात बसवले होते तो पत्राच सुटला. आईचा घोटा मुरगळला, पंधरा दिवस घरात बसून होती. गाडी चालू असताना कुणी पायरीवर असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून डोक्यातून जात नाही.

म्हणून या वेळी स्वतः उभं राहून सगळं काढून घेतलं. साईडच्या पट्ट्या, चाकावरच्या प्लास्टिकच्या कमानी, पायऱ्या, मागची शिडी, काचेची रबरं, नावाची अक्षरं सुद्धा. काय निघालं सांगू? मूठमूठभर काळी माती. आपल्याकडं उसाच्या फडात गाडी जाते, चिखल उडतो, पट्टीच्या मागं जाऊन बसतो. काळी माती ओल किती धरते हे शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. रानात चांगली, पत्र्याला वाईट. दरवाज्याच्या खालची पाणी जायची भोकंही तिनंच बुजवलेली. पट्टीच्या मागं पत्रा असा झाला होता की पेचकसानं टोचलं की आरपार. आणि एके ठिकाणी भोकात वर्तमानपत्राचा बोळा कोंबून वरून पुट्टी भरलेली! म्हणजे कुणीतरी कधीतरी पट्टी काढली होती, भोक बघितलं होतं आणि झाकून टाकलं होतं.

आता जे काढायला अवघड म्हणतात ते कसं निघालं तेही सांगतो, कारण "तुटेल" या एका शब्दावर आपल्याला गप्प बसवलं जातं. पट्टी दोन-तीन गोष्टींनी धरलेली असते. कुठं दुहेरी चिकटपट्टी, कुठं प्लास्टिकच्या क्लिपा, कडेला स्क्रू. ओढून काढायला गेलं की तुटणारच. चिकटपट्टीला ऊब लागते. हीट गन नसेल तर केस वाळवायचं मशीन चालतं, आणि आपल्या उन्हाळ्यात दुपारी गाडी तासभर उन्हात लावली तर अर्धं काम फुकटात होतं. मग मासे धरायची तंगूस घ्यायची, दोन्ही टोकं धरून पट्टीच्या मागून करवतीसारखी ओढत न्यायची. चिकटपट्टी कापली जाते, पत्र्यावर ओरखडा येत नाही. राहिलेला चिकटा अंगठ्यानं घासून आणि थोडं रॉकेल लावून निघतो, नंतर साबणाच्या पाण्यानं धुवायचं. थिनर ओतू नका, प्लास्टिक खराब होतं.

गंजलेल्या स्क्रूला गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर सोडा. सकाळी आधी किंचित आवळायच्या दिशेनं फिरवा, मग सैल करा. तरी हलला नाही तर ड्रिलनं त्याचं डोकं उडवायचं. गॅसची ज्योत लावायला कुणी निघाला तर हाकलून द्या, डिझेलची टाकी आणि वायरिंग जवळच असतं. क्लिपा मात्र तुटणार हे धरूनच चाला आणि नव्या आधी आणून ठेवा. माझी एक पट्टी तुटलीच, खोटं कशाला बोलू. वर्षानुवर्षं ऊन खाऊन प्लास्टिक कडक झालं होतं. पण तुटलेली पट्टी बाजारात मिळते.

यात रंगाऱ्याला मी एकट्याला दोष देत नाही. आपण दोन दिवसांत गाडी मागतो आणि हजार रुपयांसाठी घासाघीस करतो. पट्ट्या काढणं, माती धुणं, सडका पत्रा कापून नवा जोडणं, गंजरोधक लावणं, प्राइमर, मग रंग. या कामाला माझे आठ दिवस गेले. ते मोजायची तयारी आपलीच नसते.

खरा मुद्दा पुढं आहे. आपल्या भागात बहुतेक जुन्या जीपांना रंग लागतो तो पासिंगच्या तोंडावर. बाहेरून चकचकीत दिसलं पाहिजे, एवढाच हिशोब. माझ्या गाडीचं चाललं असतं, ती घरापुरती. पण सोनपेठहून परळी, गंगाखेड, पाथरीकडं जाणाऱ्या प्रवासी जीपांचं काय? आत जागा नसली की पोरं मागच्या फुटबोर्डावर लोंबकळतात. त्या फुटबोर्डाचा बोल्ट कशात बसलाय हे कुणी बघितलंय?

सरकारनं यावर काय केलं, तर फी वाढवली. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, नंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण. हलक्या चारचाकीच्या नूतनीकरणाला आधी 600 रुपये लागायचे, एप्रिल 2022 पासून 5,000 झाले. ऑगस्ट 2025 च्या अधिसूचनेनं वीस वर्षं ओलांडलेल्या गाडीला 10,000 केले. हेतू सरळ आहे, जुनी गाडी परवडू नये आणि ती भंगारात जावी. मुंबई-पुण्यात ठीक असेल. इथं रात्री पेशंट अंबाजोगाईला न्यायचा तर हीच जुनी जीप दारात उभी असते. नवी घ्यायला दहा लाख कुणाकडं आहेत?

माझं म्हणणं एवढंच की वयावर पैसे घेता तर हाडंही तपासा. यंत्र ब्रेक मोजतं, लाईट मोजतं, धूर मोजतं. पट्टीमागचा गंज बघायला माणसानं खाली वाकावं लागतं. पायरीवर उभं राहून बघा, पट्टीची खालची कड उचलून बॅटरी मारा, पत्र्याला चुंबक लावा. जाड पुट्टी असली तर चुंबक धरत नाही. गाडीमागं पाच मिनिटांचं काम आहे. दहा वर्षांची गाडी सडलेली निघू शकते आणि पंचवीस वर्षांची ठणठणीत.

जाता जाता नंबर प्लेटचं. एप्रिल 2019 च्या आधीच्या गाड्यांनाही आता हाय सिक्युरिटी प्लेट सक्तीची आहे. तिचं लॉक एकदाच बसतं, काढलं की तुटतं. म्हणून रंग आधी, प्लेट नंतर. बसवली असेल तर अख्ख्या गाडीत कागद-टेप मारायची तेवढी एकच जागा. आणि रंगच बदलणार असाल तर आरसीवर नोंद करून घ्या. मी पांढरीची पांढरीच ठेवली.

गाडी सध्या घरासमोर विनापट्टीची उभी आहे. क्लिपा परभणीहून यायच्यात, रविवारपर्यंत येतील. कुणाला आतला जोडलेला पत्रा बघायचा असेल तर त्याआधी या. वर्तमानपत्राचा तो बोळाही ठेवलाय.