परसातील रक्तमोसंबे

कापल्यावर डाळिंबासारखा लाल गर दाखविणारे मोसंबे आपल्या परसात होईल काय, अशी पृच्छा अनेक कुटुंबांकडून होत असते. रोपवाटिकांतून ‘ब्लड रेड’ किंवा ‘माल्टा’ या नावाने त्याची कलमे मिळतात. झाड वाढेल, फळही धरील. मात्र गर लाल होणे हे माळ्याच्या नव्हे, तर थंडीच्या हाती आहे. रोपावर पैसा घालण्यापूर्वी एवढे समजून घेतलेले बरे.

हे फळ नागपुरी संत्र्याच्या नव्हे, तर मोसंब्याच्या कुळातले. सिसिली बेटात, एटना ज्वालामुखीच्या पायथ्याशी, त्याच्या मोरो, तारोक्को व सांग्विनेल्लो या जातींच्या बागाच बागा आहेत. रोम येथे १६४६ साली निघालेल्या ‘हेस्पेरिदेस’ या ग्रंथात फादर फेरारी या येशूसंघीय धर्मगुरूंनी लिंबूवर्गीय फळांचे सविस्तर वर्णन केले. तांबड्या गराच्या संत्र्याचा उल्लेखही त्यात आढळतो. संत्र्याचे कलम डाळिंबावर बांधल्याने हा रंग येतो, असा पूर्वी लोकांचा समज असे. ते खरे नव्हे. ही झाडे एकमेकांना इतकी परकी की त्यांचा सांधाच जुळत नाही. इंग्लंडमधील जॉन इन्स संस्थेच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवून दिले की, रंगाचा गुण झाडाच्या अंगचाच असतो, परंतु गारठा लागल्यावाचून तो जागा होत नाही. फळ पिकत असता दिवसा ऊन आणि रात्री पारा १० अंशांच्या आसपास, असे हवामान त्याला मानवते.

म्हणून ग्वाल्हेरकरांनी खुशाल लावावे. इंदुरासही आशा ठेवण्यास जागा आहे. बेळगाव, वडोदरा, हैदराबाद येथे थंडी बरी पडली तर फोडींत लाल रेषा उमटतील, एरवी नाही. गोव्याच्या किनाऱ्यालगत हिवाळी रात्रही २० अंशांच्या आसपास असते. तेथे गर पिवळाच निघाला, तर रोपवाल्याने फसविले असे म्हणू नये. फळ गोडच असते.

बी लावण्याच्या भरीस पडू नये. सात-आठ वर्षे वाट पाहावी लागते आणि काटेही फार. जंभेरीवर डोळा भरलेले कलम घ्यावे, ते चौथ्या-पाचव्या वर्षी फळते. डोळा जमिनीच्या वीतभर वर राहील असे लावावे, आणि त्याखालून फुटणारे काटेरी धुमारे दिसताच काढावेत. आळशीपणाने ते राखले, की मोसंबे मरते व घरात आंबट जंभेरी येते.

पाणी साचणारी जागा नको. बुंध्याला पाणी लागले की डिंक्या रोग धरतो व साल कुजते. याने जितकी झाडे जातात तितकी किडीने जात नाहीत. सबब आळे दुहेरी करावे : बुंध्याभोवती मातीची भर, आणि पाणी बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्यापूर्वी व नंतर १ किलो मोरचूद, १ किलो चुना व १० लिटर पाणी यांचा लेप खोडाला गुडघ्याइतक्या उंचीपर्यंत लावावा. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी आढळते. ती मुलांकडून वेचून घ्यावी.

बहाराची निवड मात्र विचाराने करावी. आंबे बहार जानेवारी-फेब्रुवारीत फुलतो व त्याची फळे थंडी पडण्यापूर्वीच उतरतात. उन्हाळ्यात पाण्याचा ताण देऊन मृग बहार धरला, तर फळे कडाक्याचे दिवस झाडावर काढतात. ग्वाल्हेरीकडे वसंतात फुललेली फळेही थंडीपर्यंत टिकतात, त्यामुळे तेथे हा खटाटोप नको.

तोडणी कात्रीने, देठ राखून करावी. साल नारिंगी झाली म्हणजे आत रंग भरलाच असे नव्हे. आधी एकच फळ कापून पाहावे. फिके निघाले आणि थंडी अजून सरली नसेल, तर उरलेली फळे आणखी दोन-तीन आठवडे झाडावरच राहू द्यावीत.